भिंतीवर स्वतःला काढण्याआधी

॥ श्री जोगेश्वरी प्रसन्न ॥

आज घरात आलेल्या वस्तू: चुनकळी तीन किलो, साडेसात रुपये. गेरू अर्धा किलो, दोन रुपये. पिवडी पाव किलो, दीड रुपया. निळीच्या पुड्या, दीड रुपया. बाभळीचा डिंक, तीन रुपये. लेजर कागद सहा, दीड रुपया. एकूण सतरा. काजळ आणि कोळसा घरचा. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही असं वकिलांच्या कारकुनाने सांगितलं, तो खर्च वाचला.

मी, सौ. रत्नप्रभा गुणाजी पेंडूरकर (लिहिण्यापुरतं नाव घेतलं, पुढे यजमान असंच लिहीन), वय अठ्ठावन्न पूर्ण, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार श्रीकृपा चाळ, जोगेश्वरी पूर्व, मुंबई, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, डोळे चष्म्यासह चांगले आहेत, हात थरथरत नाही, आणि हे कागद मी कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने किंवा लाडीगोडीने भरत नाही. उलट घरातले सगळे नको म्हणत असताना भरते आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

आताच करण्याचं कारण सांगते. येत्या गणेश चतुर्थीला देवाच्या पाठच्या भिंतीवर मी माझं स्वतःचं तोंड काढणार आहे. या चाळीत असं मानतात की मी ज्या माणसाला भिंतीवर काढते ते माणूस वर्ष पुरं करत नाही. मी हे मानत नाही. पण मांजर गुणी आहे म्हणून दूध उघडं ठेवलं, असं माझ्या संसारात कधी झालेलं नाही. चतुर्थीच्या आधी कागद पुरे व्हावेत, मग मी कोळसा हातात घ्यायला मोकळी. अकरा वर्षं मी भिंतीवर माणूस काढलेलं नाही. आता राहवत नाही. जप करताना समोरच्या बाईच्या हनुवटीवर नजर जाते आणि माळ कुठल्या मण्यावर होती ते विसरते. देवीची क्षमा मागते आणि पुन्हा हनुवटीकडे बघते.

कलम पहिले. खोली आणि भिंत.

खोलीची भाडेपावती यजमानांच्या नावावर आहे, तेव्हा खोली देण्याचा मला अधिकार नाही. यजमानांमागे ती चिरंजीव श्यामकांतला मिळावी. तो आणि सूनबाई मृणालिनी चारकोपला सेक्टरमधल्या घरात राहतात, तरी गणपती इथेच बसवतात, ही त्यांची चांगली गोष्ट नोंदवते.

भिंतीबद्दल मात्र मी लिहिणार. आमच्या कोकणात गणपती ज्या भिंतीला बसतो ती भिंत दर वर्षी नव्याने चुन्याने सारवून रंगवतात. माहेरी हे काम माझे वडील करत, मी रंग वाटून देत असे. लग्न होऊन मुंबईला आले तेव्हा चाळीत सगळीकडे कागदाची मखरं. मी पहिल्याच वर्षी यजमानांना म्हटलं, देवाच्या पाठीला भिंत उघडी बरी नाही दिसत. यजमान गिरणीत छपाई खात्यात होते, रंगाची त्यांना जाण होती. चुना त्यांनी विरवायचा, कपड्यातून गाळायचा, भिंतीला मारायचा, आणि चित्र मी काढायचं, असं तेव्हापासून चाललं आहे. गिरणीच्या संपात घरात तांदूळ मोजून शिजत होते त्या वर्षीही भिंत झाली. त्या वर्षी रंग नव्हते, नुसत्या काजळाने पावसातली पोफळीची बाग काढली, आणि ती सगळ्यांत बरी उतरली असं माझं मत आहे.

या भिंतीला ऑइलपेंट लावू नये. धुता येतो हे मला माहीत आहे, सूनबाईंनी सांगितलं आहे. पण ऑइलपेंटवर चुना धरत नाही, पापुद्रे निघतात. आणि चारकोपच्या घरी आहे तसा परदेशातल्या जंगलाचा भिंतभर कागद इथे चिकटवू नये. त्या जंगलात एवढी झाडं आहेत आणि एक पक्षी नाही. मी प्रत्येक वेळी जाऊन शोधते. माझ्यामागे चित्र काढणारं कोणी नसेल तर भिंत पांढरीच ठेवावी. पांढरी भिंत देवाला चालते.

कलम दुसरे. दागिने, ठेव.

पोस्टातलं खातं दोघांच्या नावावर आहे, ते यजमानांचं. पाटल्या आणि कुड्या मृणालिनीला. मंगळसूत्राचं काय करायचं ते मी आधी गेले तर यजमान ठरवतील. देवीला दर मंगळवारी लेण्यात एक नारळ देते तो यजमानांनी झेपेल तोवर चालू ठेवावा, पायऱ्या उतरताना भिंतीला धरावं, शेवाळ असतं. एवढंच. या कलमाला माझं मन लागत नाही.

कलम तिसरे. भिंतीखेरीज केलेल्या वस्तू.

मी भिंतीवरच काढते असा लोकांचा समज आहे. घरात बसल्या बसल्या हाताला जे लागलं त्यात मी काढलं आहे. त्याची वाटणी अशी.

(अ) करवंटीवर कोरलेले कवडे, खंड्या आणि बगळे, टोपलीभर आहेत. श्यामकांतला. त्यातल्या दोघांची चोच त्याने लहानपणी मोडली होती, त्या तशाच आहेत.

(आ) जुन्या लुगड्यांची गोधडी, तिच्यात कर्लीची खाडी, होडी आणि काठाचे माड कापून शिवले आहेत. मृणालिनीला. वापरावी. शोकेसमध्ये घडी घालून ठेवू नये, गोधडी घडीवर फाटते.

(इ) भाताच्या लोंब्या, गुंजा आणि काजूच्या साली डिंकाने लावून केलेलं शेताचं चित्र. त्याला गेल्या वर्षी कीड लागली. कीड लागलेला भाग मला जास्त आवडतो, खऱ्या शेतासारखा दिसतो. कोणाला हवं असेल तर न्यावं, नाहीतर चिमण्यांना घालावं.

(ई) साबण. याबद्दल सविस्तर लिहावं लागेल, कारण सध्याचं सगळं तिथूनच सुरू झालं.

भिंतीवर माणसं बंद केल्यावर मी झाडं काढत गेले. माड काढले, पोफळी काढल्या, सुरंगीचं झाड काढलं, आरे कॉलनीतल्या म्हशी काढल्या. पण कुठलंही चित्र मला माणूस मागत असे. होडी काढली की वाटे, वल्हं कोणाच्या हातात आहे. म्हणून मी होडीत नुसती चप्पल काढली. विहिरीवर कलंडलेली कळशी काढली. वळचणीला वाळत घातलेलं लुगडं काढलं. दर्शनाला येणारे विचारत, काकी, या चित्रातली माणसं आत्ताच उठून गेली का?

मग मी कपड्याच्या साबणाच्या वडीवर सुईने माणसं कोरायला लागले. वाण्याचं तोंड, कोळणीचं तोंड, बहुतेक वेळा यजमानांचं, कारण ते समोर असत. कोरायचं, बघायचं आणि त्याच वडीने कपडे धुवायचे. तोंड फेसात जाई. विरघळणाऱ्या वस्तूतलं चित्र धरत नाहीत, अशी मी माझी समजूत घातली होती. कणकेतही काढत असे, पण कणीक लगेच लाटावी लागते.

या आषाढात मला ताप होता म्हणून यजमान कपडे धुवायला बसले. मोरीतून ओरडले, "ह्या काय गो? माझ्याच तोंडान मी माझो लेंगो धुतलंय?"

मी पांघरुणातून म्हटलं, "नाक राहिलंय का अजून?"

"नाक आसा. कान गेले."

मग ते हात पुसून बाहेर आले, खाटेशी बसले आणि सगळं विचारून घेतलं. कधीपासून, किती वड्या, कोणाकोणाची तोंडं. मी सांगितलं. मग म्हणाले, "मगे मी अजून जितो कसो? साबणार काढल्यार मराण नाय, भिंतीर काढल्यार मराण, ह्यो खयचो कायदो?"

"माहीत नाही."

"चतुर्थेक माका काढ भिंतीर."

"तुम्हांला नाही काढायची."

"गिरण बंद पडली तेवा मी मराक नाय. आता तुझ्या काजळान मरतलंय?"

मी नाहीच म्हटलं. या माणसाच्या नाकाचा बाक मला पाठ आहे, अंधारात काढीन. पण ते तोंड मी भिंतीवर ठेवून वर्षभर त्यांचा खोकला ऐकत बसणार नाही. आमचं त्यावरून जोरात वाजलं. शेवटी ताट उचलताना म्हणाले, "मगे तुकाच काढ. आरशी आसा घरात, फुकट."

ते रागाने म्हणाले, मला ते पटलं. तेव्हापासून त्यांना ते बोलल्याचा पश्चात्ताप होतो आहे आणि मला झोप लागत नाही. डोळे मिटले की माझंच तोंड कुठून सुरू करावं ते दिसतं. डाव्या भुवईपासून करावं असं सध्या आहे. काल उजव्या होतं.

साबणाच्या उरलेल्या वड्या यजमानांच्या. त्यांनी धुण्याला वापराव्यात, जपून ठेवू नयेत.

कलम चौथे. रंग, ब्रश आणि जानकी.

रंगाचे डबे, बांबूच्या काड्या ठेचून केलेले ब्रश, यजमानांच्या दाढीचा जुना ब्रश आणि श्यामकांतचा लहानपणीचा दातांचा ब्रश (पानांच्या शिरांना उत्तम) हे सगळं यजमानांकडे राहावं. कोणी मागितलं तर द्यावं. न मागता कोणाच्या गळ्यात मारू नये.

जो कोणी हे वापरील त्याला एक गोष्ट लिहून ठेवते. ओल्या चुन्यावर हळद लावू नये. पिवळ्यासाठी पिवडी घ्यावी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, घरी कुंकू केलेली कुठलीही बाई हे सांगेल. मलाही माहीत होतं.

जानकी आमच्या शेजारच्या खोलीत राहत असे. तिचा नवरा लवकर गेला, मुलगी शकु तिने खानावळीचे डबे करून वाढवली. एकदा श्रावणात तांदूळ निवडताना मला म्हणाली, "रत्ना, माका एकदा काढ गो भिंतीर. पण तांदूळ निवडताना नको. बऱ्या लुगड्यात काढ. जरा बारीक काढ."

तोवर मी चित्रात गर्दी काढत असे, पण कोणी ओळखू येईल असं नाही. त्या वर्षी, एकोणीसशे बहात्तर साली, पहिल्यांदा मी समोर माणूस बसवून काढलं. फणसाच्या झाडाखाली जानकी, मांडीवर सुपली नाही, हात मोकळे. तिला मोकळे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, तेच मी काढलं. पिवडी संपली होती आणि चतुर्थी उद्यावर आली होती, म्हणून तोंडाला हळदीचा हात दिला. भिंत वरून कोरडी होती, पोटातून ओली होती. सकाळी देव आणून ठेवला तेव्हा जानकीच्या कपाळावर लाल उमटलेलं. विधवेच्या कपाळी, देवाच्या पाठीमागे.

दर्शनाला आलेल्या बायका हात जोडायच्या विसरल्या. मी पुसायला फडकं घेतलं तर जानकीने हात धरला. सगळ्यांसमोर म्हणाली, "ऱ्हवांदे. माणसांनी पुसलेला कुंकू देवान परत लायल्यान." आणि हसली. ती हसली म्हणून बाकीच्या हसल्या.

मार्गशीर्षात ती गेली. घशात गाठ होती, तिला ती ठाऊक होती, आम्हांला कोणाला सांगितलं नव्हतं. पण चाळीत बोललं गेलं असं की, नवऱ्याने कुंकू लावून बोलावून नेलं. हळद आणि चुना सगळ्या बायकांच्या घरात होता. तो कोणाला आठवला नाही.

पुढल्या श्रावणात भिंत सारवायची वेळ आली. यजमानांनी बादलीत कुंचला बुडवला आणि दारात शकु. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं.

"काकी, आईचं तोंड तेवढं सोडा. बाकी भिंत मारा."

मी म्हटलं, "शकु, देवाला उष्टी भिंत चालत नाही गं."

"उष्टी? माझी आई उष्टी?"

"चित्र, बाय. गेल्या वर्षीचं चित्र."

"मग चुन्याखालीच घालायची होती तर तिला काढलीत कशाला?"

यजमान माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, त्यांनी कुंचला मारला. शकु जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काकी काढतात ते माणूस वर्ष पुरं करत नाही," आणि उतरून गेली ती या खोलीत परत आली नाही. देवाची भिंत दर वर्षी नवी लागते, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलेली गोष्ट घरात असली की मला केर राहिल्यासारखं वाटतं.

कलम पाचवे. ज्यांना काही द्यायचं नाही ते.

जानकीनंतर मी भजनातले पखवाजवाले धोंडिरामबुवा काढले. त्यांनीच हट्ट केला. चित्र बघून विचारलं, "माझं पोट एवढं आहे?" आणि पुढल्या चतुर्थीच्या आत, वयाच्या ऐंशीच्या पुढे, झोपेत गेले. मग माडावर चढणारा नंदू काढला, तळमजल्यावरचा. तो पुढल्या गोपाळकाल्याला हंडीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. दर वर्षी हंडीवरून कोणी ना कोणी पडतंच. पण शकुने जिन्यात काढलेले शब्द लोकांना आठवले, त्यांनी तीन माणसं एका माळेत ओवली आणि माझ्या हातात दिली. त्यानंतर मी ब्रश घेतला की आया मुलं आत ओढत.

चाळीचे सेक्रेटरी विद्याधर बांबर्डेकर दर गणपतीत बाहेरची माणसं आणून भिंत दाखवतात. "ही ती भिंत. इथे माणसं नाहीत, बघा. काढली की वाट लागते." मी आतून पंचखाद्य वाढते आणि ऐकते. विद्याधर यांना मी या मृत्युपत्राचे साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे, असं कारकून म्हणाला. म्हणूनच केलं आहे. शिवाय सही करण्यापूर्वी त्यांना हे वाचावं लागेल.

दुसरा साक्षीदार नंदू. तो आता रिक्षा चालवतो, थोडा लंगडतो. त्याच्यावर माझा राग नाही. परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काकी, परत काढा ना मला. अजून एक पाय झकास आहे." या चाळीत यजमानांखेरीज मला असं म्हणणारा तो एकटा.

सूनबाईंवरही राग नाही, पण लिहिते. त्या बी.ए. आहेत. मला म्हणाल्या, "आई, असं काही नसतं हो. योगायोग असतात." मी म्हटलं, "मग बस जरा खिडकीपाशी, उजेड चांगला आहे." त्या म्हणाल्या, "थांबा, गॅसवर काहीतरी आहे." आणि आत गेल्या. गॅसवर काही नव्हतं. मी मृणालिनीला दोष देत नाही. मी यजमानांना काढत नाही, तशी ती बसत नाही. दोघींचं एकच दुखणं आहे, तिने ते योगायोग या शब्दात गुंडाळलं आहे आणि मी सुतक, सोवळं, देवाची भिंत यांत.

कलम सहावे. मी गेल्यास.

खर्च बेताचा करावा. फोटो मोठा करून भिंतीवर लावू नये, त्या भिंतीवर तर मुळीच नाही. या चतुर्थीपासून पुढल्या चतुर्थीच्या आत मी गेले तर डॉक्टरांनी कागदावर जे कारण लिहिलं असेल ते श्यामकांतने मोठ्या अक्षरांत लिहून दाराला लावावं, म्हणजे लोक दुसरं कारण शोधणार नाहीत. शोधतीलच, पण वाचून शोधतील.

माझं चित्र पुढल्या श्रावणात चुन्याखाली जाऊ द्यावं. श्यामकांत मध्ये पडेल. त्याने पडू नये. शकुला जे दिलं नाही ते माझ्या मुलाने मागू नये.

आणि मी वर्षभर जगले, तर हे कागद ट्रंकेत राहावेत. त्यानंतरच्या चतुर्थीला मी यजमानांना काढीन, कितीही खोकले तरी. मग मृणालिनीला. मग जो जिना उतरताना पहिला भेटेल त्याला. कागद भरून झाले की मी घाईत असेन, वेळ फार गेला आहे.

कलम सातवे. शकु.

चि. सौ. शकुंतला जयवंत मुणगेकर, राहणार नाहूर, ही जानकीची मुलगी. तिला मी दुसरी गोधडी देते. जानकी गेल्यावर शकुनेच मला तिचं निळं लुगडं शिवणासाठी दिलं होतं, भांडणाच्या आधी. त्याची मी फणसाच्या झाडावरची रात्र केली आहे, चांदण्या पांढऱ्या दोऱ्याच्या. ही गोधडी माझ्या मरणाची वाट न बघता द्यावी, नंदू रिक्षातून पोहोचवील.

तिला आणखी एक विचारायचं आहे, आणि ते मृत्युपत्रात विचारते कारण मृत्युपत्रात माणूस खोटं बोलत नाही असं सगळे धरून चालतात.

शकु, तुझ्या प्रश्नाला मला या आषाढात, तापात, उत्तर सापडलं. आपण गणपती पाण्यात सोडतो. पुढल्या वर्षी नव्या मातीचा आणतो, आणि तोच आला म्हणतो. कोणी म्हणत नाही की गेल्या वर्षीचा बुडवलात कशाला. मग भिंत नवी पाहिजे एवढंच देवाचं म्हणणं आहे, तोंड नवं पाहिजे असं त्याने कधी सांगितलं? मी जानकीला चुन्याखाली घातलं ते चुकलं नाही. नव्या चुन्यावर तिला पुन्हा काढलं नाही, एवढं राहून गेलं. लोकांना भ्यायले. तुला जास्त भ्यायले.

मेलेलं माणूस देवामागे काढावं का, हे मी मंगळवारी लेण्यात देवीच्या गुरवाला विचारून घेतलं. तो म्हणाला, "वहिनी, आपल्यामागे कोण उभं आहे ते बघायला देव मान वळवत नाही." मग त्याने माझा नारळ फोडला आणि पुढच्या बाईला हाक मारली. म्हणजे हरकत नाही.

या वर्षी भिंतीवर मी एकटी बसणार होते. माझ्या डाव्या अंगाला मी जागा सोडते आहे. तिथे जानकीला काढायचं माझ्या मनात आहे. पण ते तोंड तुझ्या आईचं आहे, माझ्या भिंतीचं नाही. तू नको म्हणालीस तर तिथे काही काढणार नाही, झाडसुद्धा नाही, आणि चाळीतल्या लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. लोक जे बोलतात ते पहिल्यांदा तू बोललीस, म्हणून ते मागे घ्यायचं की ठेवायचं हेही तूच सांगशील. दुसऱ्या कोणाचं मी ऐकत नाही.

या कागदांची अंमलबजावणी यजमानांनी करावी, त्यांना जमलं नाही तर श्यामकांतने. वरील सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना पाचव्या कलमाला विद्याधर यांनी पाणी मागितलं. दिलं. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.

सौ. रत्नप्रभा गुणाजी पेंडूरकर

साक्षीदार:
१. विद्याधर नारायण बांबर्डेकर, सेक्रेटरी, श्रीकृपा चाळ. (मजकूर वाचला. भिंतीबद्दलचा माझा अभिप्राय थट्टेचा होता.)
२. नंदकुमार रघुनाथ चिंदरकर, श्रीकृपा चाळ.

जोगेश्वरी पूर्व, मुंबई.
श्रावणातला मंगळवार, दिनांक ११ ऑगस्ट १९८७.

एक नक्कल नाहूरला, सोबत ही चिठ्ठी:

शकु, अनेक आशीर्वाद. जयवंतरावांना नमस्कार. कागद सगळा वाच, मग रागाव.

चुना भिजत घातला आहे, चतुर्थीच्या आधी तीन दिवस भिंत मारायची आहे, आणि माझं एका ठिकाणी अडलं आहे. तू तान्ही असताना आईच्या कानातलं ओढलंस, तिच्या कानाची पाळी फाटली ती कधी जुळली नाही. ती तो कान मला कधी काढू देत नव्हती, म्हणे केसांखाली घाल. मागल्या वेळी घातला. आता मला तो उघडा काढायचा आहे. रोज डोळे मिटून बघते, कधी या बाजूला दिसतो, कधी त्या. यजमानांना विचारलं तर म्हणतात, मी लोकांच्या बायकांचे कान बघत नाही.

पंधरा पैशांचं कार्ड पुरे. परवानगी, माफी वगैरे काही लिहू नकोस. नको असेल तर कार्ड टाकू नकोस, मी समजेन. हवं असेल तर नुसतं डावा की उजवा, एवढंच उलट टपाली कळव.